परदेशातील शिक्षणाचा पहिला आठवडा: कोणते काम आधी आणि कोणते नंतर

परदेशात पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात करावी लागणारी बहुतेक कामे एकेकटी घेतली तर साधी असतात. त्रास होतो तो ती एकमेकांत अडकलेली असल्यामुळे. बँक राहत्या पत्त्याचा पुरावा मागते, घरमालक भाडे भरण्यासाठी स्थानिक बँक खाते मागतो, खाते उघडताना स्थानिक मोबाइल क्रमांक लागतो आणि मोबाइलची मासिक योजना घ्यायला गेले की पुन्हा बँक खात्याचाच प्रश्न येतो. कोणत्या कामावर किती कामे अवलंबून आहेत हे ओळखून त्या क्रमाने पुढे गेलेला विद्यार्थी आठवड्याच्या अखेरीस बराच मोकळा झालेला असतो. जो समोर येईल ते काम हाती घेतो, त्याला मात्र एकाच कार्यालयात तीन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून या लेखात कामांची यादी देण्यापेक्षा त्यांच्या क्रमावर भर दिला आहे. नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतही असतात. येथे काही देशांचे नियम उदाहरणादाखल दिले असले, तरी निघण्यापूर्वी संबंधित देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा तपासून घ्यावेत.

विमानतळावरून बाहेर पडण्यापूर्वी

पासपोर्ट, प्रवेशपत्र, शुल्क भरल्याची पावती, खर्चाची तरतूद दाखवणारी कागदपत्रे, विम्याचे पत्र आणि राहण्याच्या जागेचा पत्ता या सगळ्यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत असाव्यात. मोठ्या बॅगेत ठेवलेला कागद इमिग्रेशनच्या खिडकीवर उपयोगाचा नसतो, आणि लांबच्या प्रवासानंतर मोबाइलची बॅटरी संपलेली असण्याची शक्यता मोठी असते.

अधिकाऱ्याने दिलेला प्रत्येक कागद किंवा पासपोर्टवर मारलेला शिक्का तिथेच उभे राहून वाचावा. कॅनडात अभ्यास परवाना देशात प्रवेश करताना सीमा अधिकाऱ्याकडून मिळतो, तर जपानमध्ये मोठ्या विमानतळांवर रहिवासी कार्ड हातात दिले जाते. नाव, जन्मतारीख, मुदत संपण्याची तारीख आणि काम करण्याच्या परवानगीची नोंद यांत चूक असेल, तर ती त्या खिडकीवर काही मिनिटांत सुधारून मिळू शकते. नंतर त्याच दुरुस्तीसाठी अर्ज करून वाट पाहावी लागते. अमेरिकेत प्रवेशाची नोंद आय-९४ या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात होते. ती सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि त्यात प्रवेशाचा वर्ग एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा, असाच नोंदला गेला आहे ना, हे पाहावे. ब्रिटनमध्ये पूर्वीच्या निवासी कार्डाची जागा आता ई-व्हिसाने घेतली आहे. त्यामुळे तिथे जाणाऱ्याने आपले ऑनलाइन खाते उघडते आहे आणि त्याला सध्याचाच पासपोर्ट जोडलेला आहे, याची खात्री विमानात बसण्यापूर्वीच करावी.

रोख रकमेबाबत एक नियम लक्षात ठेवावा. अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा अधिक आणि युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून अधिक रोख रक्कम नेताना ती जाहीर करणे बंधनकारक आहे. एवढी रक्कम नेण्यास मनाई नाही, परंतु ती न सांगता नेल्यास जप्ती आणि दंड होऊ शकतो.

पहिला दिवस: खोली, झोप आणि रस्ता

पहिल्या दिवशी कोणताही महत्त्वाचा करार करू नये, असे माझे ठाम मत आहे. शरीराचे घड्याळ साधारणपणे दिवसाला एका तासाच्या आसपास सरकते, म्हणजे पाच-सहा तासांचा फरक भरून निघायला जवळजवळ पूर्ण आठवडा लागतो. पूर्वेकडे प्रवास केला असेल तर पश्चिमेकडच्या प्रवासापेक्षा हा त्रास बहुतेकांना अधिक जाणवतो. दिवसाउजेडी बाहेर फिरणे, दुपारची झोप थोडक्यात आवरणे आणि स्थानिक रात्रीच्या वेळेपर्यंत जागे राहणे यांनी हे सरकणे सोपे होते. झोप अपुरी असताना बारा महिन्यांच्या भाडेकरारावर सही केली, तर त्यातली अट वाचायची राहून जाते.

करार लांबणीवर टाकता येतो, खोलीची तपासणी मात्र त्याच दिवशी व्हायला हवी, सामान उघडण्याच्याही आधी. भिंती, छत, गादी, खिडक्यांच्या कड्या, नळ, स्वयंपाकघरातली उपकरणे, हीटर आणि दिवे यांचा सलग व्हिडिओ घ्यावा. जिथे डाग, भेग किंवा मोडतोड दिसेल तिथे जवळून स्वतंत्र छायाचित्र काढावे. वीज, पाणी किंवा गॅसचे मीटर स्वतंत्र असेल तर त्यावरील आकडा टिपावा. धुराची सूचना देणारे यंत्र बसवलेले आहे का आणि ते चालते का, हेही पाहावे. घरमालकाने खोलीतल्या वस्तूंची यादी दिली असेल तर ती न वाचता सही करून परत देऊ नये. त्यात जे नाही ते हाताने लिहून मगच सही करावी. ही सगळी छायाचित्रे घरमालकाला किंवा वसतिगृहाच्या कार्यालयाला त्याच दिवशी ईमेलने पाठवावीत, म्हणजे तारखेसह नोंद राहते. वर्षाच्या अखेरीस डिपॉझिटमधून रक्कम कापण्यावरून वाद होतो, तेव्हा हा एक ईमेल विद्यार्थ्याच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा ठरतो.

डिपॉझिटचे नियमही इथेच माहीत करून घ्यावेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी घरमालकाने नेहमीच्या भाडेकराराखाली घेतलेले डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारमान्य संरक्षण योजनेत नोंदवावे लागते आणि त्याचे तपशील भाडेकरूला द्यावे लागतात. जर्मनीत डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही आणि भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा कायदेशीर हक्क आहे. हा हक्क माहीत नसल्यामुळे अनेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी हातातली निम्मी रक्कम देऊन बसतात.

जर्मनीत जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, दिसायला किरकोळ पण परिणामांनी मोठी: टपालपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर आपले नाव लावावे. तिथला टपालवाला पेटीवरचे नाव पाहून पत्र टाकतो. नाव नसेल तर बँकेचे कार्ड, त्याचा पिन, विम्याचे पत्र आणि कर क्रमांक हे सगळे पाठवणाऱ्याकडे परत जाते.

खोलीबाहेर पडताना वाहने कोणत्या बाजूने चालतात याचे भान ठेवावे. डावीकडून वाहने चालणाऱ्या देशातून उजवीकडून चालणाऱ्या देशात गेल्यावर, किंवा उलट, रस्ता ओलांडताना मान सवयीने चुकीच्या बाजूला आधी वळते. पहिले काही दिवस सिग्नल असलेल्या ठिकाणीच रस्ता ओलांडावा आणि दोन्ही बाजूंना दोनदा पाहावे. सायकलींसाठी वेगळी मार्गिका असलेल्या शहरांत त्या मार्गिकेवरून चालू नये.

पत्त्याची नोंद: बहुतेक गाठी इथे सुटतात

पुढची बहुतेक कामे ज्यावर उभी असतात तो म्हणजे अधिकृत पत्ता, म्हणून दुसऱ्या दिवसापासून पहिले लक्ष याकडे द्यावे. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते. तिथले विद्यार्थी तिला ‘आनमेल्डुंग’ असेच म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेले पुष्टिपत्र लागते, केवळ भाडेकरार चालत नाही. ही नोंदणी झाली की कर क्रमांक टपालाने आपोआप येतो आणि निवास परवान्याच्या अर्जातही तिचा दाखला मागितला जातो. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्याने आल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेकडे नोंद करायची असते आणि त्या नोंदीतूनच नागरी सेवा क्रमांक मिळतो. जपानमध्ये पत्ता निश्चित झाल्यापासून १४ दिवसांत तो स्थानिक कार्यालयाला कळवावा लागतो. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसाच्या अटीनुसार पोहोचल्यापासून ७ दिवसांत राहण्याचा पत्ता आपल्या शिक्षणसंस्थेला द्यावा लागतो, तर अमेरिकेत पत्ता बदलला की तो १० दिवसांत विद्यापीठाच्या संबंधित अधिकाऱ्याला कळवणे आवश्यक असते.

मोठ्या शहरांत अशा नोंदणीसाठी वेळ मिळणे हेच कठीण असते. म्हणून पत्ता ठरताच, शक्यतो विमानात बसण्यापूर्वीच, ऑनलाइन वेळ घेऊन ठेवावी. जवळची तारीख मिळत नसेल तर शहरातील इतर विभागांची कार्यालये पाहावीत आणि सकाळी लवकर पुन्हा संकेतस्थळ उघडावे, कारण रद्द झालेल्या वेळा मधूनमधून मोकळ्या होतात. मुदतीत वेळ मिळालीच नाही, तरी मुदत संपण्यापूर्वी वेळ मागितल्याचा पुरावा जपून ठेवावा.

तात्पुरत्या जागेत उतरणाऱ्यांची अडचण वेगळी असते. थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच जागांचे मालक नोंदणीसाठी लागणारे पुष्टिपत्र देत नाहीत. जागा आरक्षित करतानाच “या पत्त्यावर माझी अधिकृत नोंदणी होऊ शकेल का?” असा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे.

मोबाइल, बँक आणि पैसे

मोबाइलसाठी सुरुवातीला प्रीपेड सिम किंवा ई-सिम पुरेसे आहे. दोन वर्षांचा करार पहिल्या आठवड्यात करण्याची काहीही गरज नसते. मायदेशातील क्रमांक मात्र बंद करू नये. त्या देशातील बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात आणि तो बंद पडला तर स्वतःच्याच पैशांपर्यंत पोहोचता येत नाही. निघण्यापूर्वी त्या क्रमांकावर रोमिंगमध्ये संदेश येण्याची सोय सुरू करून घ्यावी आणि ती चालते का, हे उतरल्याच्या दिवशीच तपासावे.

पत्त्याचा पुरावा आणि बँक खाते यांचा तिढा सोडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग विद्यापीठातून जातो. विद्यार्थ्याचे नाव, अभ्यासक्रम, कालावधी आणि राहण्याचा पत्ता नमूद केलेले पत्र अनेक विद्यापीठे बँकेसाठी म्हणून देतात. विद्यार्थी कक्षात नोंदणी होताच ते मागून घ्यावे आणि त्यावरचे नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळते का, ते पाहावे. नावातील फरक हे खाते अडकून राहण्याचे नेहमीचे कारण आहे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर वेगवेगळ्या कार्यालयांत नाव वेगवेगळ्या पद्धतीने नोंदले जाते. अमेरिकेच्या व्हिसावर अशा वेळी पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (‘पहिले नाव अज्ञात’ याचे इंग्रजी संक्षिप्त रूप) अशी नोंद होते. एकदा एक पद्धत ठरली की विद्यापीठ, बँक, विमा आणि भाडेकरार या सर्व ठिकाणी तीच ठेवावी.

खाते सुरू होऊन कार्ड हातात येईपर्यंत वेळ जातो. तोवर चालावे म्हणून दोन वेगवेगळ्या खात्यांची दोन कार्डे जवळ असावीत आणि ती एकाच पाकिटात ठेवू नयेत. परदेशी कार्डाने पैसे देताना यंत्राने ‘तुमच्या चलनात की स्थानिक चलनात’ असे विचारले, तर स्थानिक चलन निवडावे. आपल्या चलनाचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यात विनिमयाचा दर दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा ठरवते आणि तो सहसा महाग पडतो.

विद्यापीठातली नोंदणी आणि अभ्यास

प्रवेश मिळणे आणि नावनोंदणी पूर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक न समजल्यामुळे होणारे नुकसान सर्वांत मोठे असते. अमेरिकेत परदेशी विद्यार्थी आल्याची नोंद विद्यापीठाला अभ्यासक्रमाच्या सुरुवातीपासून ३० दिवसांत ‘सेव्हिस’ या सरकारी प्रणालीत करावी लागते. ती झाली नाही तर विद्यार्थ्याचा कायदेशीर दर्जाच धोक्यात येतो. म्हणून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात मूळ कागदपत्रांसह जाणे हे पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हावे, मग तिथे रांग कितीही मोठी असो. विद्यार्थी ओळखपत्र, विद्यापीठाचा ईमेल, ग्रंथालयाचा प्रवेश आणि प्रवासाची सवलत त्यानंतरच मिळते. विद्यापीठाचा ईमेल रोज दोनदा पाहण्याची सवय त्याच दिवसापासून लावावी, कारण अधिकृत सूचना तिथेच येतात.

परिचय कार्यक्रम अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतो. माझ्या मते व्हिसा, विमा आणि विषयनिवड यांवरची सत्रे चुकवू नयेत. बाकीची जमतील तशी पाहावीत.

खरा वेळ द्यावा तो अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकाला. प्रत्येक विषयाचे मूल्यमापन कशावर होणार, लेखी काम किती टक्क्यांचे, उशिरा दिल्यास किती गुण कापले जातात, उपस्थितीचा नियम काय आणि विषय बदलण्याची शेवटची तारीख कोणती, हे सगळे त्यात असते. विषय बदलण्याची मुदत अनेक ठिकाणी पहिल्या एक-दोन आठवड्यांतच संपते. जर्मन विद्यापीठांत वेळापत्रकातील वेळेपुढे ‘सी. टी.’ अशी अक्षरे असतील तर तास पंधरा मिनिटे उशिरा सुरू होतो आणि ‘एस. टी.’ असेल तर ठरल्या वेळेलाच. असे बारकावे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारून घ्यावेत.

वाङ्मयचौर्याचे नियम पहिल्याच आठवड्यात वाचावेत, कारण पहिला निबंध पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात द्यावा लागतो. दुसऱ्याचे वाक्य थोडे बदलून लिहिणे, स्वतःचेच जुने लेखन न सांगता पुन्हा देणे, मित्राबरोबर मिळून केलेले काम एकट्याचे म्हणून सादर करणे, हे सगळे अनेक विद्यापीठांत गैरप्रकार मानले जाते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने किती वापरता येतील याचे नियम विषयागणिक वेगळे असतात. संदिग्ध वाटेल ते प्राध्यापकांना त्यांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळी विचारावे. अशा भेटीला जाणे म्हणजे त्यांना त्रास देणे नव्हे. ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेली असते. ज्यांना शिकण्यात, ऐकण्यात, पाहण्यात किंवा हालचालीत अडचण आहे, त्यांनी साहाय्य कक्षाकडे याच आठवड्यात अर्ज करावा, कारण परीक्षेत जादा वेळ मिळण्याची प्रक्रिया लांब असते.

आरोग्य

आजारी पडल्यावर डॉक्टर शोधण्यापेक्षा धडधाकट असताना नोंदणी करावी. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला असतो, तरी राहत्या भागातील डॉक्टरांच्या दवाखान्यात, म्हणजे ‘जीपी’कडे, नाव स्वतः जाऊन किंवा ऑनलाइन नोंदवावे लागते, ते विनामूल्य असते. ऑस्ट्रेलियात बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना त्यांच्यासाठीचा ठरावीक आरोग्य विमा सक्तीचा आहे. जर्मनीत विम्याचा पुरावा मिळाल्याशिवाय विद्यापीठात नावनोंदणीच पूर्ण होत नाही. विमा कोणताही असो, त्यात दातांचा व डोळ्यांचा खर्च येतो का, आधी स्वतः पैसे भरून मग परत मागायचे की नाही, आणि कोणती रुग्णालये चालतात, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवावीत.

तातडीचे क्रमांक घरात शिरताच पाठ करावेत: युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका आणि कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००. जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११९ हे वेगळे क्रमांक आहेत. ब्रिटनमध्ये जिवावर बेतलेले नसेल पण सल्ला हवा असेल, तर १११ वर फोन करावा.

नियमित औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत आणि चिठ्ठीत औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे, कारण व्यापारी नावे देशोदेशी बदलतात. मूळ नावही कधी वेगळे असते. पॅरासिटामॉलला अमेरिका आणि कॅनडात ॲसिटअमिनोफेन म्हणतात. काही औषधांवर काही देशांत निर्बंध असतात, म्हणून ही चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

फसवणूक

नव्याने आलेला विद्यार्थी हा ठगांसाठी सोपा सावज असतो. खोली प्रत्यक्ष न पाहता आणि करार हातात न घेता पैसे पाठवू नयेत, विशेषतः मालक परदेशात असल्याचे सांगून किल्ली टपालाने पाठवण्याचे आश्वासन देत असेल तर. इमिग्रेशन, पोलीस किंवा दूतावासातून बोलत असल्याचे सांगून लगेच पैसे भरण्याची किंवा अटकेची भीती घालणारा फोन आला, तर तो बंद करावा आणि विद्यापीठाच्या कार्यालयाला कळवावा. सरकारी कार्यालये दंड गिफ्ट कार्डांच्या रूपात वसूल करत नाहीत.

मनाची अवस्था

मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५० च्या दशकात ‘सांस्कृतिक धक्का’ ही कल्पना मांडताना आरंभीचा आनंद, मग उद्वेग आणि हळूहळू सावरणे अशा अवस्था सांगितल्या. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवरून जुळवून घेण्याची प्रक्रिया इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची, म्हणजे आधी वर, मग खाली आणि पुन्हा वर जाणारी, असल्याचे मांडले. हा आकार सर्वांना लागू पडत नाही, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. कित्येकांना पहिल्या रात्रीच एकटेपणा गाठतो. म्हणून “सगळे आनंदात आहेत, मलाच असे का होते?” असा विचार करून गप्प बसू नये.

व्यवहारात दोन गोष्टींचा उपयोग होतो. घरच्यांशी बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. दिवसभर फोन सुरू ठेवला तर मन आणि वेळ दोन्ही तिकडेच राहतात, आणि अजिबात न बोलल्यास दोन्हीकडची काळजी वाढते. दुसरे असे, की दर आठवड्याला त्याच वारी, त्याच ठिकाणी होणाऱ्या एखाद्या उपक्रमात, मग तो खेळ असो, गायन असो की भाषेचा वर्ग, नाव नोंदवावे. एकदाच होणाऱ्या मेळाव्यात ओळखी पुष्कळ होतात, पण मैत्री होते ती तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटल्याने. झोप, भूक किंवा वर्गात जाण्याची इच्छा सलग अनेक दिवस हरवली, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळ घ्यावी. ही सेवा बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी मोफत व गोपनीय असते.

आठवड्याच्या अखेरीस: पुढच्या तारखा

सातव्या दिवशी तासभर बसून मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पुढच्या मुदती टाकाव्यात आणि प्रत्येकीच्या दोन आठवडे आधीची आठवण लावावी. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा, जो निवास परवाना म्हणूनही चालतो, आल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन प्रमाणित करावा लागतो. जर्मनीत प्रवेशाच्या व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. पासपोर्टची मुदत, विम्याचा पुढचा हप्ता, शुल्काचा हप्ता आणि पहिला लेखी प्रकल्प यांच्या तारखाही त्यातच याव्यात.

अर्धवेळ काम शोधण्याची घाई या आठवड्यात करू नये, मात्र मर्यादा माहीत असाव्यात. सत्र सुरू असताना अमेरिकेत विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तास, ब्रिटनमध्ये पदवी वा त्यावरील शिक्षण घेणाऱ्या बहुतेकांना २० तास, कॅनडात आवाराबाहेर २४ तास आणि ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास काम करता येते. जर्मनीत ही मर्यादा वर्षाला १४० पूर्ण दिवसांची आहे. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी क्रमांक काम मिळाल्यावरच मागता येतो, त्यामुळे त्याच्या कार्यालयाची फेरी आत्ता टाळता येईल. शेवटी व्हिसा, पासपोर्ट, विमा, भाडेकरार आणि पत्त्याच्या नोंदणीचा दाखला यांचे स्पष्ट फोटो काढून एक संच ऑनलाइन साठवणीत ठेवावा आणि दुसरा घरातील एका विश्वासू माणसाकडे पाठवून द्यावा, म्हणजे पाकीट हरवलेच तर दूतावासात आणि बँकेत दाखवायला काहीतरी हाताशी राहील.